मेमध्ये गावाला ठेवलेली बाईक गणपतीत पहिल्या किकला चालू व्हायची असेल तर

मे महिन्याची सुट्टी संपली की बाईक गावच्या घरी पडवीत ढकलायची, वर निळं प्लास्टिक टाकायचं, सुतळीने आवळायचं आणि थेट गणपतीत येऊन बघायचं, असं आपल्यातले बरेच चाकरमानी करतात. मग गणपतीत सीटवर बुरशी, सायलेन्सरवर तांबडे ठिपके, बॅटरी मेलेली, आणि गावातला एकमेव मेकॅनिक म्हणतो गौरी-विसर्जनानंतर या. बाईक तर घरात होती, एक थेंब अंगावर पडला नाही, मग गंजली कशी? तर पावसाने नाही, हवेने गंजली. कोकणात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की मीठ बरणीतल्या बरणीत पाझरतं, तीच हवा तुम्ही प्लास्टिकखाली कोंडून गेलात. त्यामुळे खालच्या सगळ्या भानगडीचं सार एकच, बाईक झाकण्यापेक्षा ती आधी नीट कोरडी करा आणि तिच्याभोवती हवा खेळती राहू द्या.

कॅनडा-जर्मनीत राहणारे आपले लोक हेच काम ऑक्टोबर-नोव्हेंबरात बर्फासाठी करतात, बऱ्याचशा स्टेप्स त्याच, फक्त तिकडे भांडण थंडीशी आणि रस्त्यावर टाकलेल्या मिठाशी असतं. इथे आपण पावसाळ्याचंच बघू. मिरग लागतो ७ जूनच्या आसपास, त्याच्या आत म्हणजे आगोटीच्या बाकीच्या कामांबरोबरच हेही उरकून घ्यायचं. एक दिवस पुरतो, पण तो दिवस कडक उन्हाचा हवा.

आधी जागा ठरवा

पडवीपेक्षा ओटी बरी आणि ओटीपेक्षा आतली कोरडी खोली बरी, पण स्वयंपाकघराच्या शेजारची नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते, आणि चूल, गॅस, समई, इन्व्हर्टर यांपैकी काहीही जवळ असेल तर खेळ महागात पडेल. देवघराला लागून असलेली खोली म्हणूनच बाद. गोठ्याजवळही नको, शेणामुताच्या अमोनियाने वायरिंगमधलं तांबं खराब होतं. तीच गोष्ट युरियाच्या आणि मिठाच्या गोणींची, त्या ओल ओढून घेतात आणि बाजूच्या लोखंडाला लावतात. भाताच्या कणगीशेजारी लावाल तर उंदरांना घर आणि जेवण एकाच ठिकाणी मिळेल. वर कौलं कुठे गळतात ते घरच्यांना माहीत असतंच, विचारून घ्या.

जमीन शेणाने सारवलेली असेल तर ती खालून ओल सोडत राहते, बाईकखाली प्लायवूडचा तुकडा किंवा जुनी फळी टाका. उंबरठा आडवा येतोच, त्यासाठी चार-पाच फुटांची जाड फळी तिरकी लावायची, एकाने हँडल आणि पुढचा ब्रेक धरायचा, दुसऱ्याने मागून ढकलायचं. इंजिन चालू करून आत घ्यायची हौस नको, धूर घरात भरतो आणि क्लच जरा जास्त सुटला तर बाईक सरळ भिंतीत जाते.

शहरात फ्लॅटवाले असाल आणि बाईक लिफ्टने वर न्यायचा विचार करत असाल तर करू नका, आगीच्या दृष्टीने तो वेडेपणा आहे. खाली स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, भिंतीच्या बाजूची, जिथे पावसाची झड येत नाही अशी जागा बघा.

आणि चिपळूण, महाड, खेड किंवा सांगली-कोल्हापूरच्या पूररेषेतलं घर असेल तर तळमजला ही जागाच नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाडमध्ये काय झालं ते आठवा, घराच्या आत ठेवलेल्या गाड्याही बुडाल्या. नातेवाईकांच्या वरच्या आळीतल्या घरी लावून या. तरीही बुडालीच तर कोणीही बटण दाबायचं नाही, किक मारायची नाही, आधी बॅटरी काढायची आणि मेकॅनिककडून तेल, पेट्रोल, एअर फिल्टर सगळं बघून घ्यायचं.

धुणं, पेट्रोल, ऑइल, याच क्रमाने

सकाळी लवकर धुवा. शाम्पूचं पाणी आणि मऊ फडकं पुरे, प्रेशरचा फवारा व्हीलच्या बेअरिंगवर, हँडलखाली आणि सायलेन्सरच्या तोंडात मारू नका. किनाऱ्याला राहत असाल तर मडगार्डच्या आतून, स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) खालून, सेंटर स्टँडच्या सांध्यांत नीट हात घाला, खारं वारं आणि वाळू तिथेच बसते आणि गंज तिथूनच सुरू होतो.

धुतल्यावर पुसून लगेच आत ठेवायची नाही. बाईक पंपावर न्या, गावाकडे पंप दहा-पंधरा किलोमीटर लांब असतो ते बरंच आहे, तेवढ्या रनमध्ये ब्रेक, चेन, हेडलाइटचा कोपरा न् कोपरा सुकतो आणि ऑइलही गरम होतं. टाकी जवळजवळ फुल्ल करा, गळ्यापर्यंत नाही, थोडी जागा सोडून. लोखंडी टाकीत जितकी हवा जास्त तितकी आतल्या बाजूला ओल धरते आणि टाकी आतून गंजते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतं, म्हणजे नेमकं जिथून इंजिन पेट्रोल घेतं तिथे. पेट्रोल लवकर शिळं होऊ नये यासाठीचा फ्युएल स्टॅबिलायझर मिळत असेल तर तो पंपावरच टाका म्हणजे घरी येईपर्यंत मिसळून पार इंजिनपर्यंत पोचतो.

घरी आलात की इंजिन गरम आहे तोवर ऑइल बदला. लोक म्हणतात पावसाळ्यानंतर बदलू, आता कशाला, बाईक तर उभीच राहणार. उलट आहे. वापरलेल्या ऑइलमध्ये जळक्या पेट्रोलची आम्लं आणि पाणी असतं, ते तीन-चार महिने बेअरिंगवर बसवून ठेवण्यात काय अर्थ? नवीन ऑइल टाकून दोन मिनिटं इंजिन चालवा, बाहेर, अंगणात, म्हणजे ते सगळीकडे फिरतं.

आता बाईक कार्बोरेटरची की एफआय (फ्युएल इंजेक्शन, म्हणजे पंपाच्या दाबाने पेट्रोल फवारणारी) ते बघा, कारण इथून दोघांचं वेगळं आहे. आरएक्स हंड्रेड, जुनी बुलेट, २०२० च्या बीएस-६ प्रदूषण नियमाआधीची स्प्लेंडर वगैरे कार्बोरेटरवाल्या असतील तर पेट्रोलचा कॉक बंद करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, मग कार्बोरेटरच्या खालचा ड्रेन स्क्रू ढिला करून उरलेले थेंब काढा. हे नाही केलं तर कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट थर राहतो आणि जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, बुजतं, गणपतीत बाईक चालू न होण्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. एफआय बाईकला मात्र असं पेट्रोल संपवत चालवायचं नाही, तिचा पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडलेला असतो, तो कोरडा पळवला की खराब होतो. ती फुल्ल टाकीवर तशीच सोडा.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटवाल्यांसाठी एक जास्तीचं काम. प्लग काढा, भोकातून छोटा चमचाभर इंजिन ऑइल सोडा, प्लगची वायर बाजूला ठेवून इग्निशन बंद असताना चार-पाच किक हळू मारा, प्लग परत लावा. सिलिंडर बिडाचं असतं, दमट हवेत रिंगा चिकटतात. नवीन गाड्यांना तीन महिन्यांसाठी याची गरज वाटत नाही.

बॅटरी

बॅटरी काढून घरात ठेवा, हा माझा ठाम आग्रह. किल्ली बंद असली तरी एफआय गाड्यांचा मीटर, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) थोडा थोडा करंट खातच असतात. काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह, लावताना उलटं, आधी पॉझिटिव्ह. कारण साधं आहे, पाना चुकून फ्रेमला लागला तर ठिणगी पडू नये. टर्मिनलला वॅसलीन लावा आणि फडताळात लाकडावर ठेवा, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी.

जमलं तर महिन्यातून एकदा कोणालातरी मल्टीमीटर लावायला सांगा. १२.६ च्या वर व्होल्ट म्हणजे छान, १२.४ च्या खाली गेली की चार्ज करायची. चार्जिंग बॅटरीच्या अँपिअर-अवरच्या दहाव्या हिश्श्याने, म्हणजे ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपिअर. बाजारपेठेतल्या गॅरेजवर ट्रकच्या बॅटऱ्यांशेजारी लावून तासाभरात चार्ज करून देतात ते नको, छोटी बॅटरी त्यात उकडून निघते.

चेन, टायर आणि बाकीचं किडूकमिडूक

चेन रॉकेलने पुसा, रॉकेल हल्ली मिळणं मुश्कील, तर डिझेल चालेल, पण पेट्रोल नको, ओ-रिंगवाल्या चेनचे रबर त्याने कडक होतात. कोरडी झाली की ९० नंबरचं गिअर ऑइल लावा, जरा सढळ हाताने, खाली जुना पेपर टाकून. क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमध्ये दोन-दोन थेंब. क्रोमवर, स्पोकवर, नटबोल्टवर वॅसलीनचा पातळ हात फिरवा. खोबरेल तेल लावणारे आहेत, पण ते चिकटून धूळ धरतं. डिस्कला आणि टायरला मात्र कसलंही तेल लागता कामा नये.

टायरमध्ये नेहमीपेक्षा ३-४ पीएसआय हवा जास्त भरा आणि सेंटर स्टँडवर लावा. ज्यांच्या बाईकला सेंटर स्टँडच नाही त्यांनी साइड स्टँडखाली फरशीचा तुकडा ठेवावा, आणि घरच्यांना सांगावं की पंधरा दिवसांनी चाक अर्धा फेरा पुढे ढकला. चाक कुठवर ढकलायचं तिथे फळीवर खडूने खूण करून दिली की बाबाही ते आवडीने करतात. ड्रम ब्रेक असेल तर ब्रेक बांधून ठेवू नका, शूज आत चिकटतात.

सायलेन्सर थंड झाला की तोंडात फडकं कोंबा. एक तर उंदीर, दुसरी कुंभारमाशी, ती मातीची घरटी कुठल्याही भोकात घालते, किल्लीच्या भोकातसुद्धा, म्हणून तिथेही टेप लावा. फडक्याला लाल चिंधी बांधून बाहेर लोंबती ठेवा, नाहीतर गणपतीत विसराल. उंदरासाठी डांबरगोळ्यांवर माझा फार विश्वास नाही, शेजारी पिंजरा लावलेला बरा. सीट काढता येत असेल तर काढून माळ्यावर, लेदरच्या बॅगा तर नक्कीच.

सगळ्यात शेवटी झाकण. जुनी सुती चादर किंवा आजीचं विरलेलं लुगडं टाका, धूळ अडते आणि हवाही जाते. प्लास्टिक, ताडपत्री नाही, म्हणजे नाहीच. आणि घरच्यांना एवढंच सांगून ठेवा की पावसाने उघडीप दिली, ऊन पडलं की त्या खोलीची खिडकी उघडायची आणि चादर तासभर काढून ठेवायची. पावसाळ्यात कोणी एकच काम करणार असेल तर हे करू दे.

दर रविवारी पाच मिनिटं स्टार्ट करू का?

नको. हा सल्ला प्रत्येक गावात एक काका देतातच. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफेच्या रूपाने तयार होतं, इंजिन नीट तापलं तर ते बाहेर निघून जातं, पाच मिनिटांत थंड सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साचून राहतं. वर सेल्फने जेवढी बॅटरी खाल्ली तेवढी आयडलिंगवर भरत नाही. बंद खोलीत चालू केली तर कार्बन मोनॉक्साइडने माणूस दगावू शकतो, त्याला वासही येत नाही. एक तर कोणीतरी चांगली पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणून परत कोरडी करावी, नाहीतर हातच लावू नये. शेजारचा पोरगा फिरवायला उत्सुक असेलच, म्हणून किल्ली मुंबईला घेऊन जा.

इन्शुरन्स या काळात संपत असेल तर आधीच रिन्यू करा, बाईक उभी आहे म्हणून पॉलिसी बंद ठेवली आणि नंतर काही झालं तर बोंब मारायला जागा नाही. नुसती थर्ड पार्टी असेल तर पूर, चोरी, आग यात काही मिळत नाही हेही लक्षात असू दे.

गणपतीत बाहेर काढताना

आधी लाल चिंधी ओढून फडकं काढा. एअर फिल्टरचा डबा उघडून बघा, उंदराने कापूस-पालापाचोळा भरलाय का, आणि सीटखालच्या वायरी कुरतडल्यात का. टाकीचं झाकण उघडून वास घ्या, पेट्रोलला जुन्या वॉर्निशसारखा वास येत असेल तर ते काढून नवीन घाला. बॅटरी लावा, हवा नेहमीच्या आकड्यावर आणा, ऑइलची लेव्हल बघा, ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी आहे, चालू करू नका.

कार्बोरेटरवाल्यांनी कॉक उघडून मिनिटभर थांबायचं, किल्ली न लावता दोन-तीन किक मारायच्या, मग चोक आणि किक. एफआयवाल्यांनी किल्ली लावून पंपाचा आवाज थांबेपर्यंत थांबायचं, दोन-तीन वेळा असं करून मग बटण. सिलिंडरमध्ये ऑइल सोडलं असेल तर सुरुवातीला पांढरट-निळा धूर येईल, जळून गेलं की थांबतो. पहिला गिअर टाकण्याआधी, इंजिन बंद असतानाच, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच दाबून बाईक पुढेमागे हलवून बघा, क्लच प्लेटा चिकटलेल्या असतील तर तिथेच सुटतील, नाहीतर चालू केल्यावर बाईक एकदम उडी मारते.

डिस्कवर तांबूस थर असतो तो दोन-चार ब्रेकमध्ये निघतो, तोपर्यंत अंगणात आणि पाणंदीतच फिरवा, लगेच हायवेला जाऊ नका. ब्रेक फ्लुइड काळपट झालं असेल किंवा दोन वर्षं बदललं नसेल तर मुंबईला परतायच्या आधी बदलून घ्या, तेही हवेतलं पाणी पितं. आणि गौरी-विसर्जनानंतर बाईक पुन्हा दिवाळीपर्यंत गावालाच ठेवायची असेल तर ऑइल नव्याने घालायची गरज नाही, धुणं, चेन, कार्बोरेटर रिकामा करणं, बॅटरी आणि चादर एवढं परत करा, पाऊस तेव्हा गेलेला नसतो.