शाळेतला डिजिटल वर्ग खरंच चालतो का, असं तपासा
बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या सरकारी मराठी शाळेत डिजिटल वर्ग आला की ‘बसवला’ हा शेरा म्हणजे प्रगती नव्हे. साठा नोंदवहीतले क्रमांक यंत्रांवरच्या क्रमांकांशी ताडा. मग प्रोजेक्टरच्या मेनूत दिव्याचे तास बघा. वर्षभरात 40 तास भरले असतील तर वर्ग जवळपास बंदच आहे. दिवा बदलला की हा आकडा बहुधा शून्यावर आणतात, म्हणून बदलल्याची तारीख विचाराच. खानापूरच्या पावसात वीज जाते, तेव्हा यूपीएस किती मिनिटं तग धरतो ते घड्याळ लावून पाहा.

सगळ्यात महत्त्वाचं, धडे मराठीत आहेत का? प्रत्येक इयत्तेचे पाच उघडून पाठ्यपुस्तकाशी जुळवा. नुसते कन्नड माध्यमाचे भरले असतील तर यंत्र चालूनही मुलांच्या पदरी काही पडत नाही. नोंदी दाखवल्या नाहीत तर माहिती अधिकार कायदा 2005 खाली अर्ज द्या. उत्तराची मुदत 30 दिवस.