पगारातून कापल्या जाणाऱ्या ईएसआयवर दातांचे उपचार कसे घ्यावेत?

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी हिशेब आणि पगारपत्रकं बघते. महिन्यातून एकदा तरी कुणी ना कुणी गालाला रुमाल धरून माझ्या टेबलासमोर येऊन उभं राहतं. मागच्या पावसाळ्यात लेथवरचे एक काका आले. एका बाजूचा गाल टम्म सुजलेला आणि तोंडाला लवंगेच्या तेलाचा वास. म्हणाले, "ताई, तीन हजाराची उचल पाहिजे. दाढ ठणकतीया, रात्रभर डोळा लागला नाही."

मी त्यांचं पगारपत्रक उघडलं. सहा वर्षं, दर महिन्याला ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची कपात. विचारलं, "काका, ईएसआयच्या दवाखान्यात दाखवलं का?" तर म्हणाले, "ते अपघातासाठी असतंय न्हवं?"

त्यांना दोष देता येत नाही. इतक्या वर्षांत या कपातीत दातांचे उपचारही येतात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्या "कुणी"मध्ये मीही आले. त्या दिवसापासून नव्या माणसाला कामावर घेताना मी जे सांगते, तेच इथे लिहिते आहे. दाढ ठणकायला लागल्यावर हे शोधत बसायची ताकद कुणातच नसते, म्हणून ज्यांचं काही दुखत नाही त्यांनी आधी वाचावं.

ही कपात आहे तरी काय

कर्मचारी राज्य विमा, म्हणजे आपण ज्याला ईएसआय किंवा कामगार विमा म्हणतो, तो महिन्याला 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांसाठी आहे. दिव्यांग कामगारांसाठी ही मर्यादा 25,000 आहे. तुमच्या पगारातून 0.75 टक्के कापले जातात आणि मालक वरून 3.25 टक्के घालतो. 16,000 पगार असेल तर तुमचे 120 आणि मालकाचे 520, असे महिन्याला 640 रुपये तुमच्या नावावर जातात. वर्षाचे होतात 7,680. दवाखान्यात जाताना हा आकडा लक्षात ठेवा. तिथे मिळणारी सेवा फुकट म्हणतात खरी, पण तिचे पैसे तुम्ही आधीच भरलेले असतात.

मध्येच पगार वाढून 21,000 च्या वर गेला तरी लगेच नाव निघत नाही. ती सहामाही संपेपर्यंत कपात चालू राहते आणि हक्कही राहतो.

आपल्या भागासाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. साखर कारखाना हा हंगामी कारखाना धरला जातो आणि हंगामी कारखाने या योजनेच्या बाहेर आहेत. त्यामुळे "शेजारच्याला मिळतं, मग मला का नाही" असं वाटलं तर आधी पगारपत्रकावर ईएसआयची ओळ आहे का ते बघा. ती नसेल तर पुढचं तुमच्यासाठी नाही. पण दात दुखतच असेल तर सांगलीतलं भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय, कवलापूरचं वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय आणि सातारा जिल्ह्यात कराडला कृष्णाचं दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत खासगी दवाखान्यापेक्षा कमी खर्चात काम होतं. वेळ मात्र हाताशी ठेवून जावं.

पहिलं काम: ई-पहचान कार्ड हातात घ्या

नोंदणी झाली की 10 अंकी विमा क्रमांक मिळतो. लोक हमखास गल्लत करतात ती इथे. पगारपत्रकावर कधी कधी 17 अंकी क्रमांक छापलेला असतो, तो मालकाचा कोड असतो. तुमचा क्रमांक 10 अंकीच. ई-पहचान कार्ड म्हणजे या विम्याचं ओळखपत्र. त्याची प्रत काढून त्यावर फोटो लावा आणि ऑफिसकडून सही-शिक्का घ्या. ऑफिसने काढून दिली नसेल तर मागून घ्या, त्यात संकोच कसला.

कार्डावर तीन गोष्टी बोट ठेवून वाचा. नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का? तुमच्यासाठी कोणता दवाखाना लिहिला आहे? आणि कुटुंबासाठी कोणता? या दुसऱ्या-तिसऱ्या गोष्टीकडे कुणी बघत नाही. आपल्याकडे कितीतरी माणसं कुपवाडला खोली करून राहतात आणि बायको-मुलं जत, कवठेमहांकाळ किंवा आटपाडीकडे गावी. कुटुंबासाठी वेगळा दवाखाना नोंदवता येतो आणि नंतर बदलताही येतो. नाहीतर मुलाची किडलेली दाढ दाखवायला एसटीने सांगली गाठावी लागते आणि अख्खा दिवस जातो.

दुसरं: पैसे खरंच भरले गेलेत का

हे ईएसआयसीच्या, म्हणजे ही योजना चालवणाऱ्या महामंडळाच्या, संकेतस्थळावर विमाधारकाच्या लॉगिनमधून दिसतं, सरकारच्या उमंग ॲपवरही दिसतं. विमा क्रमांक आणि नोंदवलेला मोबाइल लागतो, कारण ओटीपी त्यावरच येतो. जुना नंबर बंद पडला असेल तर आधी तो बदलून घ्या. तो एक बदलला नाही म्हणून पुढचं सगळं अडतं.

आत गेल्यावर महिनावार तक्ता दिसतो. कोणता महिना, किती दिवस, किती पगार, किती भरणा. मालकाने प्रत्येक महिन्याचा भरणा पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत करायचा असतो. त्यामुळे मागचा एक महिना दिसला नाही तर घाबरू नका. पण पगारातून कपात आहे आणि तक्त्यात दोन-तीन महिने कोरे आहेत, असं असेल तर त्याच दिवशी ऑफिसला विचारा. माझ्या धाकट्या भावाच्या आधीच्या नोकरीत असंच झालं होतं. पगारातून पैसे जात होते आणि पुढे भरलेच जात नव्हते. त्याला ते कळलं तेव्हा वहिनी दवाखान्याच्या खिडकीपाशी उभी होती. त्याने पगारपत्रकांच्या प्रती जपून ठेवल्या होत्या म्हणून तक्रार करता आली. कपात केलेला पैसा ही मालकाकडे ठेवलेली तुमची ठेव असते, तो खर्च करायचा हक्क त्याला नाही. म्हणून पगारपत्रक फेकू नका. मोबाइलवर येत असेल तर दर महिन्याचं साठवून ठेवा.

हक्क कधीपासून कधीपर्यंत

इथे जरा सावकाश वाचा, कारण नोकरी बदलणाऱ्यांचा सगळा गोंधळ इथेच होतो.

वर्षाच्या दोन सहामाह्या धरतात. 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर या काळात भरलेल्या पैशांवर पुढच्या 1 जानेवारी ते 30 जून या काळातला लाभ मिळतो. 1 ऑक्टोबर ते 31 मार्च या काळातल्या भरण्यावर 1 जुलै ते 31 डिसेंबरचा. सहामाहीत किमान 78 दिवसांचा भरणा असेल तर तिच्या जोडीच्या लाभकाळाच्या शेवटपर्यंत औषधोपचाराचा हक्क राहतो.

आता एक उदाहरण घ्या. तुम्ही एप्रिलपासून कामावर आहात आणि फेब्रुवारीच्या अखेरीस काम सुटलं. एप्रिल ते सप्टेंबरच्या भरण्यावर जूनअखेरपर्यंत तुम्ही पात्र. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत 78 दिवस केव्हाच पूर्ण झालेत, म्हणजे जुलै ते डिसेंबरही पात्र. काम सुटल्यावर दहा महिने तुमचा आणि घरच्यांचा दवाखाना चालू असतो आणि बहुतेकांना त्याची कल्पनाच नसते. काम सुटलं की माणूस कार्ड कपाटात टाकतो. टाकू नका. रूट कॅनालसारखं दोन-तीन खेपांचं काम अशा मोकळ्या दिवसांतच उरकतं.

नवीन लागलेल्यांनाही थांबायचं कारण नाही. विम्याखालच्या नोकरीत रुजू झाल्या दिवसापासून पहिले तीन महिने औषधोपचार मिळतो आणि नोकरी चालू राहिली की तो पुढे चालतो.

तिसरं: घरच्यांची नावं

पती किंवा पत्नी, अवलंबून असलेली मुलं आणि अवलंबून असलेले आई-वडील यांना दातांसह सगळे उपचार मिळतात, पण त्यांचं नाव नोंदीत असेल तरच. लेथवरच्या काकांच्या नोंदीत फक्त बायकोचं नाव होतं. दोन्ही मुलं नंतर झालेली, ती कधी घातलीच नव्हती. लग्न झालं, मूल झालं, की महिन्याभरात ऑफिसला आधारकार्ड आणि फोटो देऊन नाव चढवून घ्या.

आता दवाखाना

थेट खासगी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन मग बिल आणायचं, असं चालत नाही. सुरुवात कार्डावरच्या दवाखान्यातून किंवा नेमलेल्या विमा डॉक्टरकडून करायची. तिथे दंतवैद्य असेल तर तिथेच काम होतं, नसेल तर रेफरलची चिठ्ठी मिळते. आपल्या बाजूच्या रुग्णांना कोल्हापूर किंवा पुण्यात बिबवेवाडीच्या ईएसआयसी रुग्णालयाकडे, नाहीतर करार असलेल्या रुग्णालयाकडे पाठवतात. करारातल्या रुग्णालयांची यादी बदलत राहते, म्हणून गेल्या वर्षी शेजाऱ्याला कुठे पाठवलं यावर विसंबू नका. त्या दिवशीच विचारा.

सोबत ई-पहचान कार्ड, आधार, जुनी चिठ्ठी आणि एक्स-रे असेल तर तो घ्या. चालू औषधांची पाकिटंही पिशवीत टाका. मधुमेह असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर विचारायच्या आधीच सांगा. दाढ काढताना याचा फार फरक पडतो.

डॉक्टरांना नुसतं "दात दुखतोय" म्हणण्यापेक्षा नेमकं सांगा. गार पाण्याने कळ येऊन लगेच थांबते की रात्री आपोआप ठणका सुरू होतो? पहिल्यात बहुतेकदा सिमेंट भरून भागतं. दुसऱ्यात कीड आतल्या नसेपर्यंत पोचलेली असण्याची शक्यता जास्त, मग रूट कॅनाल किंवा दाढ काढणं. काकांची दाढ त्या वेळेपर्यंत वाचण्यासारखी राहिली नव्हती. दोन वर्षांपूर्वी, गार पाणी लागत होतं तेव्हा गेले असते तर भरून भागलं असतं. मला सगळ्यात जास्त खंत वाटते ती याची.

चिठ्ठी घेतानाच विचारायचं ते असं: हे काम पूर्ण होईपर्यंत एकच चिठ्ठी चालेल की प्रत्येक खेपेला नवी लागेल? यातलं काही पदरचं भरावं लागेल का? केवळ दिसण्यासाठीची कामं योजनेत धरत नाहीत. वेड्यावाकड्या दातांना तारा, इम्प्लांट, महागडी कॅप यांचा विषय निघाला तर होकार देण्याआधी मंजुरी लेखी घ्या. तोंडी "होईल बघू" वर खुर्चीत बसू नका.

आणखी एक, ज्यासाठी दात दुखायची वाट बघू नये. आपल्याकडे बायका मिश्री लावतात, पुरुषांच्या खिशात तंबाखूची पुडी किंवा गुटखा असतो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा तोंड पहिल्यासारखं न उघडणं, यातलं काही दिसलं तर त्याच कार्डावर दवाखाना गाठा. हे दुखत नाही म्हणूनच राहून जातं.

तातडीची वेळ

सूज गालावरून गळ्याकडे उतरली, ताप आला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर चिठ्ठीच्या मागे न लागता जवळचं रुग्णालय गाठा. नंतर परतावा मागता येतो. तो सरकारी दराने मिळतो, त्यामुळे पूर्ण बिल निघेलच असं नाही. मूळ बिलं, डॉक्टरांची चिठ्ठी आणि तातडीने दाखल का व्हावं लागलं याचा दाखला घेतल्याशिवाय तिथून हलू नका, आणि अर्ज लांबवू नका.

रजेचे पैसे

आजारपणाच्या रजेत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते, वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस. त्यालाही सहामाहीत 78 दिवसांचा भरणा लागतो. पण पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत, म्हणून एका दिवसात दाढ काढून आलात तर काही हाती येत नाही. जबड्याची शस्त्रक्रिया होऊन आठवडाभर घरी बसावं लागलं तर विमा डॉक्टरांचं प्रमाणपत्र जरूर घ्या.

मशीनवर काम करताना तोंडाला मार लागून दात पडला किंवा जबडा मोडला, तर तो कामावरचा अपघात. त्याला भरण्याच्या दिवसांची अट नाही आणि काम करता येत नाही तोवर पगाराच्या 90 टक्के मिळतात. मात्र त्याच दिवशी सुपरवायझरला सांगून अपघाताची नोंद करायला लावा. "बरं होईल" म्हणून घरी गेलात की पुढे सिद्ध करणं अवघड होऊन बसतं.

कुठे अडलं तर

आधी ईएसआयसीचं शाखा कार्यालय. तिथे तोंडी न बोलता अर्ज द्या आणि पोच घ्या. 1800-11-2526 हा ईएसआयसीचा टोल फ्री नंबर आहे. फोन केल्याची तारीख आणि तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा.

राहिलं निवृत्तांचं. किमान पाच वर्षं विम्याखाली काम करून वयोमानाने निवृत्त झालात तर वर्षाला 120 रुपये भरून स्वतःला आणि पती किंवा पत्नीला औषधोपचार चालू ठेवता येतो. आमच्याकडचे एक फिटर मामा गेल्या वर्षी निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी नारळ-शालीबरोबर मी त्यांच्या हातात तो अर्ज भरूनच दिला. आता मामी मिरजेच्या बाजाराला आल्या की वाट वाकडी करून ऑफिसात डोकावतात आणि पुढचे 120 कधी भरायचे ते विचारून जातात.