चार महिने उभ्या गाडीत उंदीर शिरू नयेत म्हणून

दर हिवाळ्यात चार महिने मी मुलीकडे राहायला जाते आणि गाडी गॅरेजमध्ये उभी असते. पहिल्या वर्षी परत आले, गाडी सुरू केली, ब्लोअर लावला, तर डॅशबोर्डमधून खर्र खर्र आवाज आला आणि एसीच्या जाळीतून करड्या लोकरीसारखे तुकडे माझ्या मांडीवर येऊन पडले. पाठोपाठ मुताचा उग्र वास. ग्लोव्हबॉक्स काढून केबिन फिल्टर बाहेर ओढला, तर त्याच्या मधोमध अंगठा जाईल एवढं भोक आणि वर वाटीएवढं घरटं. त्यात बॉनेटच्या आतल्या नमद्याच्या चिंध्या होत्या, टिश्यू पेपर होता, सीटचा फोम होता, आणि गाडीच्या कागदांचे कातरलेले कपटे होते. एका कपट्यावर माझी अर्धी सही दिसत होती. इंजिनाकडे दोन वायरी कुरतडलेल्या निघाल्या. दुरुस्ती करणाऱ्याने सल्ला दिला, 'पुढच्या वेळी डांबराच्या गोळ्या टाका.'

पुढच्या वर्षी टाकल्या. घरटं पुन्हा झालं आणि वर गोळ्यांचा वास उन्हाळ्यापर्यंत सीटमधून गेला नाही. नॅफ्थलिनची ती वाफ बंद गाडीत बसून हुंगणं प्रकृतीलाही चांगलं नाही. तेव्हापासून मी वासाचे उपाय सोडले आणि उंदराला गाडीत काय हवं असतं, ते बघायला लागले.

उंदीर गाडीत राहायला येतो. थंडीत त्याला कोरडी, अंधारी, वारा न लागणारी जागा आणि अंथरायला मऊ काहीतरी लागतं. वायरी तो कुरतडतो, कारण त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजवायला काहीतरी चावत राहणं त्याला भागच असतं. म्हणून काम तीन ठिकाणी करायचं: गाडीतलं अंथरूण काढायचं, गाडीच्या वाटा बंद करायच्या, आणि गॅरेजमध्ये आलेला उंदीर गाडीपर्यंत पोचण्याआधी पकडायचा.

अंथरुणापासून सुरुवात करा. टिश्यूचा डबा, पुसायची फडकी, शाली, कागदी नकाशे, मुलांची मऊ खेळणी, सगळं घरात न्या. डिकीतली स्टेपनी उचलून तिच्याखाली बघा. तिथे चिंध्या सापडतातच. सीटच्या रुळांमध्ये आणि मुलांच्या सीटखाली खाण्याचा चुरा अडकलेला असतो, तिथे व्हॅक्यूमचं बारीक तोंड घाला. गॅरेजमध्ये पक्ष्यांचं किंवा कुत्र्याचं खाद्य पोत्यात असेल तर ते झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा. प्लास्टिकचा डबा उंदरांच्या दातांपुढे टिकत नाही.

आता वाटा. घरात दिसणारा छोटा उंदीर सुमारे ६ मिमीच्या फटीतून जातो. पेन्सिल शिरली की उंदीर शिरला असं धरा. मी पेन्सिल हातात घेऊनच गॅरेजभर फिरते: दाराखालची रबरी पट्टी, पाइप भिंतीतून जातो ती जागा, दाराचे दोन्ही खालचे कोपरे. कोपऱ्यांकडे विशेष लक्ष द्या, रबर तिथेच आधी झिजतं. भिंतीतल्या भोकात भांडी घासायची स्टीलची तारेची घासणी घट्ट कोंबायची आणि वरून सिमेंट किंवा सीलंट भरायचं. नुसता फोम भरला तर उंदीर तो पोखरून येतात.

गाडीत मात्र प्रत्येक फट बंद करणं शक्य नसतं, त्यामुळे तीन महत्त्वाच्या वाटा धरा.

पहिली, वायपरच्या खालची जाळी. बाहेरची हवा तिथून ब्लोअरकडे जाते, आणि माझं ते पहिलं घरटं याच वाटेने झालं होतं. प्लास्टिकच्या आवरणाखाली बारीक स्टेनलेस स्टीलची जाळी बसवून घ्या, छिद्रं ५ मिमीपेक्षा लहान हवीत. ही जाळी कायमची राहू शकते. शिवाय गाडी बंद करण्याआधी हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण दाबून ठेवा, म्हणजे आतली झडप मिटते.

दुसरी वाट इंजिनच्या एअर फिल्टरची नळी. तिच्या तोंडावर जाळीचा तुकडा केबल टायने आवळून बांधा. इथे तारेची घासणी वापरू नका. तिचा एखादा तुकडा सुटून आत ओढला गेला तर इंजिनाचं नुकसान होईल.

तिसरी सायलेन्सरचं तोंड. तिथे घासणी चालते, पण पाइप पूर्ण गार झाल्यावर, आणि तिला लाल फडक्याची लांब शेपटी बांधून. जे जे म्हणून बंद केलं, त्या प्रत्येकाची चिठ्ठी मी स्टिअरिंगला बांधते. चार महिन्यांनी आठवणीवर विसंबू नये.

गाडीवर जमिनीपर्यंत लोळणारं कव्हर मी घालत नाही. त्याने चाकांभोवती उबदार अंधार तयार होतो आणि टायरवरून चढणं सोपं जातं. बॉनेट उघडं ठेवते. गॅरेजला खिडकी आहे, त्यामुळे इंजिनावर उजेड राहतो आणि उंदराला लपल्यासारखं वाटत नाही. बॉनेटखाली दिवा असेल तर बल्ब काढून ठेवा, नाहीतर बॅटरी उतरेल.

वायरिंगसाठी कॅप्सेसिन लावलेली टेप मिळते, होंडाही ती विकते. मिरची ज्यामुळे तिखट लागते तोच हा पदार्थ. ज्या वायरी एकदा कुरतडल्या गेल्या, त्यांच्यावर मी ती गुंडाळली आहे. पुदिन्याच्या तेलाचा वास काही दिवसांत उडतो, त्याच्यावर चार महिने सोपवू नका. न ऐकू येणारा आवाज काढणारी यंत्रंही मी घेत नाही: तो आवाज वस्तूंच्या पलीकडे जात नाही आणि उंदरांना त्याची सवय होते.

विष तर नकोच. ते खाऊन उंदीर डॅशबोर्डच्या आत मरतो आणि तो वास काढायला सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. अर्धमेला उंदीर घुबडाने किंवा मांजराने खाल्ला तर त्यांच्याही जिवावर बेतू शकतं.

मी लाकडी पट्टीचे खटक्याचे सापळे वापरते, सहा. उंदीर उघड्यावरून जात नाही, भिंतीला चिकटून पळतो. म्हणून सापळा भिंतीशी काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे. आमिष म्हणून वाटाण्याएवढं पीनट बटर, आणि त्यात रुतवलेला कापसाचा धागा. थंडीत त्याला अंथरूण हवंच असतं, तो धागा ओढायला बघतो आणि खटका पडतो. घरात लहान मुलं किंवा मांजर असेल तर सापळा भोक पाडलेल्या खोक्यात ठेवा. जिवंत पकडायचा पिंजरा लावलात तर तो रोज बघायलाच हवा, नाहीतर आतला जीव उपाशी तडफडून मरतो.

माझ्या मागे शेजारच्या वहिनी दर रविवारी गॅरेज उघडतात, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त उपयोग त्यांचाच होतो. आठवडा मी मुद्दाम ठरवला. उंदराच्या मादीला गाभण राहिल्यापासून जेमतेम तीन आठवड्यांत पिल्लं होतात, एका वेळी पाच-सहा. महिनाभर कुणी फिरकलं नाही तर एकाचं कुटुंब झालेलं असतं. जाताना मी चारही चाकांभोवती टॅल्कम पावडरचा पातळ पट्टा भुरभुरवून ठेवते. गेल्या हिवाळ्यात तिसऱ्या रविवारी वहिनींनी फोटो पाठवला: मागच्या डाव्या चाकापाशी तांदळाच्या दाण्याएवढी पावलं, आणि त्यांच्या मधून शेपटीची बारीक रेघ. त्यांनी दोन सापळे तिकडे सरकवले. बुधवारी उंदीर सापडला, गाडीत काही झालं नव्हतं.

लेंड्या किंवा घरटं सापडलंच तर कोरडं झाडू नका, व्हॅक्यूमही लावू नका. काही जातींच्या उंदरांकडून हंताव्हायरससारखे विषाणू धुळीवाटे माणसाच्या श्वासात जातात. दारं उघडून हवा खेळू द्या, हातमोजे आणि मास्क घाला. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी असं ताजं मिश्रण फवारा, निदान पाच मिनिटं भिजू द्या, मग कागदाने उचलून पिशवीत बांधून टाका. सीटच्या कापडावर ब्लीचचे डाग पडतात, तिथे कापडाला चालेल असं जंतुनाशक वापरा.

परत आल्यावर किल्ली लगेच फिरवू नका. आधी चिठ्ठ्या मोजा. बॉनेटखाली टॉर्च मारून वायरी बघा, एअर फिल्टरचा डबा उघडा, केबिन फिल्टर बाहेर काढून दोन्ही बाजूंनी बघा. नळीवरची जाळी काढली, एक चिठ्ठी फाडली. लाल शेपटी धरून सायलेन्सरमधली घासणी ओढली, दुसरी फाडली. स्टिअरिंगवर एकही चिठ्ठी उरली नाही की मग गाडी सुरू करा.