डॅम्पिंग मोजायचंय? मग आधी लोखंडाची फिल्म नीट वाढवा

मॅग्नेटायझेशन डायनॅमिक्ससाठी (हललेलं मॅग्नेटायझेशन कसं फिरतं आणि किती लवकर शांत होतं, हे शांत होणं म्हणजेच डॅम्पिंग) सिंगल क्रिस्टल फिल्म हवी असेल तर सुरुवात एमजीओ, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइडच्या (001) पृष्ठभागावरच्या लोखंडापासून करा. आता म्हणाल एमजीओचा लॅटिस (अणूंच्या जाळीचं अंतर) 4.21 अँगस्ट्रॉम, लोखंडाचा 2.87, हे जमणार कसं? तर लोखंडाची जाळी 45 अंशात वळून बसते, 4.21 ला 2 च्या वर्गमुळाने भागलं की 2.98 येतं, म्हणजे फरक उरतो साधारण 4 टक्के, तेवढं खपून जातं.

खरी मेहनत लोखंड टाकायच्या आधीच असते. एमजीओ हवेतलं पाणी ओढतं, वर हायड्रॉक्साइड धरतं, त्यामुळे पाकीट फोडलं की सरळ चेंबरमध्ये, "उद्या लोड करू" चालणार नाही. मग अल्ट्रा हाय व्हॅक्यूममध्ये 600 डिग्रीला तासभर तापवा. पाणी जातं, पण कार्बन चिवट, म्हणून सोय असेल तर वर एमजीओचाच 5-10 नॅनोमीटर बफर टाका, कार्बन खाली गाडला जातो. ही पायरी लोक खुशाल गाळतात आणि नंतर लाइनविड्थ (रेझोनन्स पीकची रुंदी) का वाढली म्हणून डोकं धरून बसतात.

लोखंड रूम टेंपरेचरला किंवा थोडंसंच गरम करून, अगदी हळू टाका. सुरुवातीला ते पसरत नाही, बेटं बेटं करून वाढतं, रीडच्या (RHEED, इलेक्ट्रॉन झोताने पृष्ठभाग दाखवणारं उपकरण) पडद्यावर ठिपके दिसतील, घाबरू नका. 10-20 नॅनोमीटर झालं की 300 डिग्रीच्या आसपास थोडा वेळ अनील करा (तापवून ठेवा), ठिपके ताणले जाऊन उभ्या रेषा होतात, तिथे थांबा. अजून तापवायचा मोह झाला तर फिल्म फाटून पुन्हा बेटं होतात.

कॅपशिवाय (वरच्या संरक्षक थराशिवाय) बाहेर काढू नका, गंजेल. पण प्लॅटिनम नको, स्पिन पंपिंगमुळे (लोखंडातला स्पिन शेजारच्या धातूत वाहून जातो) डॅम्पिंग वाढतं आणि मग मोजलेलं लोखंडाचं किती नि प्लॅटिनमचं किती हे सांगता येत नाही. 3 नॅनोमीटर ॲल्युमिनियम पुरे, त्याचा वरचा भाग ऑक्साइड होऊन खालचं वाचवतो.

एक्सआरडीत (एक्स-रे डिफ्रॅक्शन), तांब्याच्या ट्यूबवर, लोखंडाचा 002 पीक 65 अंशांच्या आसपास दिसला पाहिजे. एफएमआरला (फेरोमॅग्नेटिक रेझोनन्स, यातच डॅम्पिंग मोजतात) फिल्म उलटी, म्हणजे तोंड वेव्हगाइडकडे. फील्ड इझी किंवा हार्ड ॲक्सिसवरच (मॅग्नेटायझेशनला वळायला सोप्या किंवा कठीण दिशेवर) लावा, मधल्या कोनात मॅग्नेटायझेशन फील्डच्या मागे रेंगाळतं आणि लाइनविड्थ उगाच फुगते. मग लाइनविड्थ विरुद्ध फ्रिक्वेन्सी काढा, स्लोपमधून डॅम्पिंग मिळतं, इंटरसेप्ट म्हणजे फिल्म जागोजागी किती वेगळी आहे त्याचा हिशोब. 0.002 च्या जवळ आलात तर फिल्म झकास. रेषा वाकडी आली तर टू-मॅग्नॉन स्कॅटरिंगचा (फिल्ममधल्या दोषांमुळे ऊर्जा इतर स्पिन लहरींत जाते) संशय घ्या. फील्ड फिल्मला लंब लावलं की ते दबतं, पण लोखंडाला त्यासाठी 2.1 टेस्लाच्या वर जावं लागतं. तेवढा मॅग्नेट नसेल तर दोन-तीन जाडीच्या फिल्म एकाच पद्धतीने वाढवून बघा, पातळ करताना डॅम्पिंग चढत असेल तर गडबड पृष्ठभागावर आहे.