जुना आउटपुट ट्रान्सफॉर्मर: कोअर उचकटण्याआधी तुटलेलं टोक शोधा

व्हॉल्व्ह रेडिओचा किंवा ॲम्प्लिफायरचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला) गेला की बरेच जण सरळ कोअरच्या लोखंडी पट्ट्या उचकटून रीवाइंडिंगला, म्हणजे तार नव्याने गुंडाळायला बसतात. मीटरवर प्रायमरी (व्हॉल्व्हकडचं वाइंडिंग) ओपन, म्हणजे तुटलेली दाखवत असेल, तर दोष बहुतेक वेळा हजारो वेढ्यांच्या पोटात नसतो. केसाएवढी तार बाहेरच्या जाड वायरला जिथे जोडलेली असते, त्या सोल्डरच्या टाक्यात तो असतो. त्यामुळे आधी तो टाका बघायचा, मग कोअरला हात लावायचा.

तपासणी

फिल्टर कॅपॅसिटर (सेट बंद केल्यावरही व्होल्टेज साठवून ठेवणारे) डिस्चार्ज करून ट्रान्सफॉर्मर पूर्ण सुटा करा. कोणती वायर कुठे जाते ते लिहून ठेवा. जुने लाल, तपकिरी आणि नारिंगी रंग फोटोत सारखेच दिसतात.

५,००० ओहम इम्पिडन्सच्या सिंगल-एंडेड (एकाच आउटपुट व्हॉल्व्हच्या) प्रायमरीचा डीसी रेझिस्टन्स साधारण २०० ते ५०० ओहम येतो, सेकंडरीचा (स्पीकरकडच्या वाइंडिंगचा) एखादा ओहम किंवा त्याहून कमी. पुश-पुलमध्ये (दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने चालतात त्यात) प्रायमरीच्या दोन अर्ध्या भागांचे आकडे थोडे वेगळे आले तर घाबरू नका. बाहेरच्या थरातला प्रत्येक वेढा आतल्यापेक्षा लांब असतो, एवढंच.

रेझिस्टन्स बरोबर म्हणजे ट्रान्सफॉर्मर चांगला, हा सल्ला मात्र साफ चुकीचा आहे. तीन हजारांतले थोडे वेढे आपसांत शॉर्ट झाले तर मीटरचा आकडा फारसा हलत नाही, पण आवाज बसतो. त्यासाठी एलसीआर मीटरने १०० किंवा १२० हर्ट्झवर प्रायमरीचा इंडक्टन्स दोनदा मोजा: सेकंडरी मोकळी ठेवून आणि सेकंडरी शॉर्ट करून. धडधाकट ट्रान्सफॉर्मरमध्ये पहिला आकडा हेन्रीत येतो आणि दुसरा मिलिहेन्रीत घसरतो. दोन्ही वेळा आकडा खालीच राहिला तर शॉर्ट आत आहे, आणि त्यावर रीवाइंडिंगशिवाय इलाज नाही.

रेशो (प्रायमरी आणि सेकंडरीच्या वेढ्यांचं गुणोत्तर) तपासताना प्रायमरीला ६.३ व्होल्ट एसी द्या. ५,००० ते ८ ओहमच्या ट्रान्सफॉर्मरचा रेशो ६२५ चं वर्गमूळ, म्हणजे २५. सेकंडरीवर पाव व्होल्ट दिसायला हवा. हेच ६.३ व्होल्ट चुकून सेकंडरीला जोडले तर प्रायमरीच्या उघड्या टोकांवर दीडशेहून जास्त व्होल्ट उभे राहतात. शेवटी ५०० व्होल्टच्या मेगरने प्रायमरी-कोअर आणि प्रायमरी-सेकंडरी इन्सुलेशन बघा. १०० मेगओहमच्या वर हवं. कमी आलं तर लगेच निकालात काढू नका. जुना कागद दमट होतो. ८० अंशांवर चार-सहा तास तापवा, गार होऊ द्या, पुन्हा मोजा.



तार नेमकी कुठे तुटली आहे

कोअर आणि सेकंडरी एकत्र जोडा आणि प्रायमरीच्या प्रत्येक टोकापासून त्या जोडापर्यंत कॅपॅसिटन्स मोजा. एका टोकाला शेकडो पिकोफॅरड आणि दुसऱ्याला जेमतेम दहा-वीस आले, तर त्या दुसऱ्या टोकाची बाहेरची वायर आतल्या वाइंडिंगला जोडलेलीच नाही. टाका तिथेच तुटलाय. दोन्हीकडे भरपूर कॅपॅसिटन्स आला तर तार मध्येच तुटली आहे.

काही जण तुटलेल्या प्रायमरीला हाय व्होल्टेज देऊन टोकं ठिणगीने ‘चिकटवतात’. करू नका. तो जोड थोडे दिवस टिकतो आणि जाताना शेजारचे वेढे जाळून जातो.

टाका: इथेच सगळी कसोटी

वाइंडिंगचं बाहेरचं आवरण बहुधा पट्ट्या न काढताही उघडता येतं. हेअर ड्रायरने कागद कोमट करा आणि धारदार ब्लेडने वायरीच्या बाजूला, तारेला समांतर काप घ्या. आडवा काप खालचे वीस वेढे एका झटक्यात तोडतो. कागद फाडून काढू नका, पानासारखा उलटा.

आत हिरवा ठिपका दिसेल. ते तांब्याचं गंजणं आहे: टाक्यात राहिलेलं ॲसिड, हवेतला ओलावा आणि त्यावर वर्षानुवर्षं डीसी. हिरव्या भागावर सोल्डर धरत नाही आणि धरला तरी टिकत नाही. तार मागे सोडवत जा, लख्ख तांबं लागेपर्यंत. त्यात दहा वेढे गेले तरी तीन हजारांत ते पाव-अर्धा टक्का. कानाला कळणार नाही.

आता इनॅमल, म्हणजे तारेवरचा इन्सुलेशनचा लेप. आजची बरीच बारीक तार नुसत्या तापल्या सोल्डरने साफ होते, जुन्या तारेवरचं तपकिरी इनॅमल होत नाही. ०.१ मिलिमीटरची तार ब्लेडने खरवडली की तुटलीच म्हणून समजा. १००० नंबरचा पॉलिश पेपर दुमडून घ्या, तार त्यात हलकी धरा आणि पेपर वाइंडिंगकडून टोकाकडेच ओढा. सेंटीमीटरभर पुरे. काडेपेटीने इनॅमल जाळण्याचा जुना उपाय टाळा. एवढी बारीक तार ज्योतीत वितळते किंवा जळून ठिसूळ होते.

ही तार थेट जाड वायरला कधीच जोडू नका. मध्ये ०.२ मिलिमीटरच्या तारेचा तुकडा घ्या, त्यावर बारीक तारेचे पाच-सहा सैल वेढे द्या, मग टाका मारा. ६०/४० कथील-शिशाचा सोल्डर, फक्त रोझीन फ्लक्स. ॲसिडची पेस्ट वापरलीत तर हिरवा ठिपका पुन्हा उगवणार. सोल्डरिंग आयर्न दीड-दोन सेकंदांहून जास्त टेकवू नका, कारण वितळलेलं कथील तांबं विरघळवतं आणि बारीक तार टाक्यातच नाहीशी होते.

मग तारेला छोटा सैल वळसा ठेवा, टाका क्राफ्ट पेपरच्या घडीत झोपवा आणि बाहेरची वायर सुती दोऱ्याने वाइंडिंगला बांधा. वायर ओढली तर ताण दोऱ्यावर यायला हवा, टाक्यावर नाही. पीव्हीसी टेप नको. उन्हाळ्यात त्याचा चिकटा पाझरतो. पॉलिएस्टर टेप किंवा सुती फीत चालेल.

आतलं टोक तुटलं असेल आणि दोन-तीन मिलिमीटर शेपूट बाहेर असेल तर हीच रीत. शेपूट नसेल तर सुईने उकरत बसू नका.

पट्ट्या काढाव्याच लागल्या तर

ट्रान्सफॉर्मर ८०–१०० अंशांवर तापवा, व्हार्निश मऊ होतं. पातळ पात्याने पहिली पट्टी सोडवा. ती बहुधा वाकते, बाकीच्या हाताने निघतात. सिंगल-एंडेडमध्ये ‘E’ आकाराच्या सगळ्या पट्ट्या एका बाजूला, ‘I’ आकाराच्या दुसऱ्या बाजूला आणि मध्ये कागदाचा तुकडा असतो. तो कागद जपा, जाडी मायक्रोमीटरने मोजा. तो फेकला तर डीसीने कोअर सॅच्युरेट होतो, जाड घातला तर बास जातो. पट्ट्यांवरचा गंज पुसा, पॉलिश पेपर मारू नका. वरचा काळसर थरच त्यांचं इन्सुलेशन आहे. परत भरताना शेवटची पट्टी जात नसेल तर राहू द्या. हातोडी नको.

शेवटचं

ट्रान्सफॉर्मर ८० अंशांवर वाळवून वितळलेल्या मेणात बुडवा, बुडबुडे थांबले की काढा.

सेट मेन्सच्या वायरीत सिरीज बल्ब लावून सुरू करा आणि सेकंडरीवर ८ ओहमचा लोड आधीच जोडा. लोडशिवाय चालवला तर प्रायमरीत व्होल्टेज उसळून नवा कागदही फुटतो. तासाभराने बंद करून, कॅपॅसिटर पुन्हा डिस्चार्ज करून रेझिस्टन्स मोजा. तांबं ३० अंश तापलं की तो सुमारे १२ टक्के वाढतो, ते ठीक. आकडा मीटरवर नाचत असेल तर टाका कच्चा आहे. कागद पुन्हा उघडा.