मालवण ते देवबाग, एका दिवसात: आधी तिथी बघा, मग होडी ठरवा

मालवणला खासगी होडी आणि वाटाड्या घेऊन दिवस काढायचा असेल, तर बहुतेक जण आधी हॉटेल ठरवतात, मग गाडी आणि सगळ्यात शेवटी, तिथे पोचल्यावर, होडी. हा क्रम उलटा हवा. या किनाऱ्यावरचा दिवस घड्याळावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालतो. तारीख चुकली तर तीच होडी, तोच तांडेल (होडी चालवणारा) आणि तेच पैसे असूनही निम्मा दिवस धक्क्यावर बसून जातो.

भरतीची वेळ काढायची कोकणातली जुनी रीत सोपी आहे. तिथीला पाऊणने गुणायचं. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. हा आकडा मुंबईच्या बाजूला बसतो. मालवणला भरती त्याच्या साधारण तासभर आधी येते. म्हणजे पंचमीला पावणेतीनला भरती आणि त्याआधी सहा तास, सकाळी साडेआठच्या आसपास, पूर्ण ओहोटी. अर्धा तास इकडे तिकडे धरा. नक्की वेळ भरतीच्या छापील किंवा ऑनलाइन तक्त्यात बघून घ्या, पण सुट्टीची तारीख निवडायला कालनिर्णय पुरेसं आहे.

ओहोटी सकाळी आठ-नऊला का हवी? देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथे खाडीत वाळूचा एक पट्टा आहे, त्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात. तो ओहोटीला उघडा पडतो. भरतीला तिथे कमरेएवढं पाणी असतं. डॉल्फिन बघायला मात्र खाडीच्या तोंडातून बाहेर समुद्रात जावं लागतं आणि ते तोंड ओहोटीच्या जोरात ओलांडणं वाईट. नदीचं पाणी बाहेर धावतं, समुद्राची लाट आत येते, दोन्ही उथळ वाळूवर भिडतात आणि लाट उभी राहून फुटते. त्याच जागी पाणी भरायला लागलं की लाट बसते. म्हणून आधी वाळूवर उतरायचं, पाणी परतलं की तासाभराने बाहेर पडायचं. दोन्ही गोष्टी सकाळीच आटपल्या पाहिजेत, कारण अकरानंतर खारे वारे जोर धरतात. पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून येतो तोवर किनाऱ्याजवळचं पाणी तेलासारखं असतं. दुपारी त्याच पाण्यात होडी आपटायला लागते आणि डॉल्फिनची पाठ लाटांत ओळखू येत नाही.

म्हणून चतुर्थी-पंचमी-षष्ठी या तिथी सगळ्यात सोयीच्या. त्यातही पंचमी. वद्य चतुर्थीला संकष्टी येते आणि घरात कोणी ती धरत असेल, तर मालवणात येऊन सुरमईकडे बघत बसायची वेळ येते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. भरती अकराच्या सुमारास, ओहोटी संध्याकाळी पाचला. मग दिवस उलटा लावा: सकाळी सातला भरत्या पाण्यावर समुद्र आणि चार वाजता वाळूचा पट्टा. उधाणात पाणी जास्त ओसरतं, त्यामुळे पट्टा मोठा मिळतो, पण दुपारी जेट-स्की आणि गर्दीही तिथेच असते. अष्टमी-नवमी शक्यतो टाळा. तेव्हा भांग असतं, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी, पाणी फारसं ओसरत नाही, पट्टा जेमतेम दिसतो आणि सकाळी नेमकी ओहोटी चालू असल्यामुळे तोंडातून बाहेर पडणं नकोसं होतं.

महिने म्हणाल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. ऑक्टोबरात पावसाचा गढूळपणा उरलेला असतो, स्नॉर्कलिंगला काही दिसत नाही. मार्च-एप्रिल चालतात, पण ऊन अंगावर येतं. मेचा उत्तरार्ध सोडून द्या. आभाळ निरभ्र असतं, पण दूरवरच्या मोठ्या लाटा किनाऱ्याला पोचायला लागलेल्या असतात. मे २०२२ च्या शेवटच्या आठवड्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला, तो याच दिवसांत. जून ते ऑगस्ट पर्यटकांच्या होड्या आणि सिंधुदुर्ग किल्ल्याची फेरी बंदच असते. नाताळ ते एकतीस डिसेंबर हा आठवडाही टाळलेला बरा: देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नदी आणि मधे माडांतून जाणारा एकच चिंचोळा रस्ता. त्यावर दोन बस समोरासमोर आल्या की काय होतं, ते सांगायला नको.

आता होडी. धक्क्यावर दोन भाव असतात, एक माणशी सीटचा आणि दुसरा अख्ख्या होडीचा. सहा जणांच्या कुटुंबाने अख्खी होडीच घ्यावी. कारण आरामाचं नाही, वेळेचं आहे. सीटवर गेलात तर होडी भरेपर्यंत थांबावं लागतं आणि भरतीचं सगळं गणित तिथेच मोडतं. ठरवताना या गोष्टी स्पष्ट बोलून घ्या: किती तास, थांबण्याचे पैसे त्यात आले का, किती ठिकाणं, स्नॉर्कलिंगचं सामान धरून की वेगळं, वाटाड्या दिवसभर सोबत की फक्त पाण्यावर, आणि हवा बिघडली तर आगाऊ रकमेचं काय. शेवटचा मुद्दा विसरला जातो. 'समुद्र खवळला तर पैसे परत किंवा तारीख पुढे' एवढं व्हॉट्सअॅपवर लिहून घेतलं की सकाळी तांडेलावर निघायचा दबाव राहत नाही. आगाऊ पैसे बुडतील म्हणून गिऱ्हाईकच 'जाऊया की' म्हणतं आणि तिथून गडबडीला सुरुवात होते.

होडीवर महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आणि प्रवासी क्षमतेचा आकडा असायला हवा. तो आकडा खलाशी धरून आहे की सोडून, हे विचारा. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, बसण्याआधी, पट्टे आवळून. बाकाखाली रचून ठेवलेलं जॅकेट बुडताना उपयोगाचं नसतं. लहान मुलांचं माप आदल्या दिवशी बघून घ्या. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. खांदे धरून जॅकेट वर ओढून पाहा, हनुवटीच्या वर गेलं तर माप चुकलं.

वाटाड्या जाणता आहे का, हे ओळखायला एकच प्रश्न पुरतो: 'दादा, त्या दिवशी खाडीच्या तोंडातून कितीला बाहेर पडायचं?' उत्तरात भरतीची वेळ आली तर माणूस बरोबर. 'कधीय येवा' (कधीही या) असं आलं तर गोड बोलून पुढे चला.

पंचमीचा दिवस साधारण असा बसतो. सहाला उठून आंबोळी किंवा घावणे, थोडंच. रिकाम्या पोटी होडी जास्त लागते, भरल्या पोटीही लागते. ज्यांना गाडी लागते त्यांनी डॉक्टरांनी सांगितलेली गोळी निघण्याआधी तासभर घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली टिकत नाही. त्यांना होडीत मधोमध किंवा मागे बसवा, नजर क्षितिजावर. मोबाइल बघणारा पहिला आडवा होतो.

मालवण ते देवबाग बारा किलोमीटर, तारकर्ली वाटेत. सात-सव्वासातला देवबागच्या धक्क्यावर असा. आधी खाडीत आत एक छोटी चक्कर: या वेळी खंड्या, बगळे, घारी अगदी जवळून दिसतात. आठ-सव्वाआठला वाळूवर उतरा. पाय उचलून टाकू नका, घासत चाला. वाळूत पाखट (स्टिंगरे मासा) दडलेलं असतं. पाय घासला की ते पळतं, वरून पाय पडला की शेपटीचा काटा मारतं. लागलंच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, उष्णतेने वेदना उतरते, आणि मग दवाखाना गाठा. जेलीफिश लागला तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका; समुद्राच्याच पाण्याने धुवा.

साडेनऊला पाणी भरायला लागलेलं असतं, तेव्हा बाहेर पडा आणि दक्षिणेला भोगवे-निवतीच्या कड्यांच्या दिशेने जा. इथे दिसतात ते कुबडवाले डॉल्फिन. ते उड्या कमी मारतात, श्वासाला पाठ वर काढतात आणि जातात. पन्नास मीटरवर इंजिन न्यूट्रल करून थांबायला सांगा. पाठलाग करणाऱ्या होडीपासून ते लांब जातात आणि थांबलेल्या होडीजवळ कधीकधी आपणहून येतात. पंचवीस मिनिटांत दिसले नाहीत तर आग्रह सोडा. निवतीपलीकडे लांब समुद्रात दिवा असलेले खडक दिसतात, तिकडे जायचाही हट्ट नको; तो वेगळ्या दिवसाचा आणि मोठ्या होडीचा विषय आहे. पावणेअकराला खाडीत परत.

जेवणाचं आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा, किती ताटं आणि कोणता मासा हे धरून. बाराला घरगुती खाणावळीत थाळी तयार मिळते. न सांगता दीडला गेलात तर उरलेल्या बांगड्यावर भागवावं लागतं, अर्थात तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं ही काही शिक्षा नव्हे. सुरमई-सरंग्याचा भाव रोज बदलतो, म्हणून थाळीत तुकडा केवढा ते विचारणं लाजिरवाणं नाही. शाकाहारी माणसासाठी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि सोलकढी मुद्दाम सांगा. आयत्या वेळी मागितलं तर वाटाणे भिजलेले नसतात.

दुपारी दोन तास सावलीत काढा. किल्ला तीनला. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गला होडीने दहा-पंधरा मिनिटं लागतात. नेहमीच्या फेरीत किल्ल्यावर साधारण तासभर मिळतो आणि तो कमी पडतो. वाटाड्याकरवी पावणेदोन-दोन तास ठरवून घ्या आणि शेवटची परतीची होडी कितीला, हे चढण्याआधी विचारा. १६६४ मध्ये कुरटे बेटावर काम सुरू झालं आणि १६६७ मध्ये किल्ला उभा राहिला. क्षेत्र सुमारे ४८ एकर, तट जवळपास तीन किलोमीटर. दरवाजा लांबून दिसत नाही, तटाच्या वळणात लपवलेला आहे. होडीतून उतरायच्या आधीच मुलांना तो शोधायला सांगा. आत शिवराजेश्वर मंदिरातली दाढी नसलेली महाराजांची मूर्ती, हाता-पायाचे ठसे, आणि दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. चारी बाजूंनी खारं पाणी असताना इथे गोडं पाणी आहे, म्हणून तर हे बेट निवडण्यात अर्थ होता. वेळ उरला तर तटावरून चाला. कठडा सगळीकडे नाही, पावसाळ्यानंतर शेवाळं सुकलेलं असलं तरी चपला घसरतात, मागे पट्टा असलेल्या सँडल हव्यात.

स्नॉर्कलिंग किंवा स्कूबा हवं असेल तर ते दुपारी घुसडू नका. वाऱ्याने पाणी ढवळलेलं असतं. डॉल्फिनची फेरी वगळा आणि सकाळ त्यालाच द्या. नवख्यांना नेतात ते सहा-आठ मीटरपर्यंत, प्रशिक्षक धरून. खाली जाताना दर मीटरला नाक दाबून हळू हवा फुंका, कान दुखला की थांबा, वर या. सर्दी, दमा, हृदयविकार, गरोदरपण असेल तर नाही म्हणजे नाही. आणि चिपी विमानतळावरून त्याच दिवशी परतायचं असेल तर स्कूबा करू नका: पाण्याखालून वर आल्यावर विमानात बसेपर्यंत किमान बारा तास, एकापेक्षा जास्त वेळा उतरलात तर अठरा तास जाऊ द्यावे लागतात. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो.

किल्ल्याभोवतीचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ पकडून उभं राहू नका, पायाखाली तुटलेला तुकडा खिशात घालू नका. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात. मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात बिस्किटं-पाव टाकण्याची पद्धत आहे. फोटो चांगला येतो, पण ते खाणं माशांचं नाही. आधीच 'टाकू नका' म्हणून सांगा.

साडेपाचला परत आलात की रॉक गार्डन जवळच आहे. पंचमीला तेव्हा पाणी अर्धं ओसरलेलं असतं आणि खडकांतल्या डबक्यांत छोटे खेकडे, शंखातले जीव दिसायला लागतात. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, मार्चमध्ये पावणेसातला. ओल्या काळ्या खडकावर पाय ठेवू नका, कोरड्या खरबरीतवर ठेवा.

सामानात माणशी दोन लिटर पाणी, दोरीची टोपी (बिनदोरीची पहिल्या दहा मिनिटांत समुद्रात जाते), कपड्यांचा एक जोड, तोंड गुंडाळून बंद होणारी पिशवी आणि रोख पैसे. भोगवे-निवतीकडे मोबाइलला रेंज भरवशाची नसते, तेव्हा यूपीआयवर विसंबू नका. आगगाडीने येणार असाल तर कुडाळ स्टेशनवरून मालवण सुमारे तीस किलोमीटर. पहाटेच्या गाडीने उतरून त्याच दिवशी सातला देवबाग गाठायचा बेत करू नका. गाडी तासभर उशिरा आली की ओहोटी तुमच्यासाठी थांबत नाही. आदल्या संध्याकाळी या, तांडेलाला एकदा फोन करा आणि 'उद्या हवा कशी?' एवढंच विचारा. तो 'बघूया' म्हणाला तर गजर लावून ठेवा, पण किल्ला सकाळी घ्यायचीही तयारी ठेवा.