जुनी ट्रेडमिल, सायकल घरातून काढायची असेल तर भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी एवढं करा

लॉकडाऊनमध्ये घेतलेली ट्रेडमिल, जागेवरच फिरवायची सायकल, डंबेल्स... आता कितीतरी घरांत त्याच्यावर कपडे वाळायलेत. दिवाळीची साफसफाई निघाली की आई म्हणते काढा बाबा ते आता, अन् आपण दारावरून जाणाऱ्या गाड्याला हाक मारतो. मी पण तेच केलं होतं. परभणीत आमच्या दारासमोरच त्या भंगारवाल्यानं हातोड्यानं डिस्प्ले फोडला, वायरी उपटल्या, लोखंड गाड्यावर टाकलं अन् हिरव्या बोर्डाचे तुकडे नालीच्या कडंला तसेच सोडून गेला. संध्याकाळी गल्लीतली दोन लेकरं तेच तुकडे घेऊन खेळत होती. अन् रात्री मागच्या रिकाम्या प्लॉटवर कुणीतरी तांब्यासाठी वायरी जाळल्या, तो काळा धूर सरळ आमच्या खिडकीत. पोट भरायला आलेल्या माणसाला काय बोलायचं, मी त्याला अख्खी मशीन तशीच दिली ही चूक माझी. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिलं म्हणजे चालू आहे का बघा. चालू असेल तर भंगारात घालणं हा गुन्हाच समजा. सायकलला गुडघ्याचं ऑपरेशन झालेली माणसं गिऱ्हाईक असतात, जवळच्या फिजिओथेरपीवाल्या डॉक्टरांना विचारून ठेवा, त्यांच्याकडं रोज असे पेशंट येतात. डंबेल्स, प्लेटा, रॉड यांना तर मरणच नाही. आपल्याकडं पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं गावोगाव आहेत, १६०० मीटर पळायचं अन् गोळा फेकायचा, त्याच्यासाठी सकाळी पाचला ग्राउंडवर असतात. त्यांच्या अकॅडमीत किंवा गावच्या तालमीत नेऊन द्या, हातोहात घेतील. मी माझे १० किलोचे दोन डंबेल अशाच एका पोराला दिले, त्यानं तिथंच उचलून बघितले अन् सायकलच्या हँडलला पिशवीत अडकवून घेऊन गेला.

पण देताना खरं सांगा. ट्रेडमिलचा पट्टा सरकतो का, मोटारीचा वास येतो का, सेफ्टी की आहे का, सगळं. सेफ्टी की म्हणजे ती दोरीची लाल चावी, जी कपड्याला अडकवायची असते, माणूस पडला की मशीन बंद करते. ती हरवलेली असेल तर तशी ट्रेडमिल कुणालाच देऊ नका, म्हाताऱ्या माणसाला तर नाहीच. अन् १६ अँपियरच्या वेगळ्या सॉकेटवर लावा म्हणून सांगा, एक्स्टेन्शन बोर्डावर लावून वायर तापते. होम जिमची, म्हणजे केबलनं वजनं ओढायच्या मशीनची, केबल उसवली असेल, फ्रेमच्या वेल्डिंगला तडा असेल तर दान करायचा विषयच नाही, ते कुणाच्या तरी मानेवर पडंल. अशी केबल स्वतःच कापून टाका, म्हणजे कुणी जोडून वापरणार नाही.

आता बंद पडलेलीचं बघू, खरं काम इथंच आहे.

ट्रेडमिलचा प्लग काढून एक दिवस तशीच राहू द्या, आतल्या बोर्डावर मोठे कपॅसिटर असतात अन् प्लग काढल्यावरही त्यात करंट शिल्लक राहू शकतो. मग एलन की (ती सहा कोनांची वाकडी चावी) अन् पाना घेऊन पुढचं झाकण उघडा. मोटार, कंट्रोल बोर्ड, वायरी, डिस्प्ले हे सगळं वेगळं काढून एका खोक्यात भरा. वायरी तोडू नका, सॉकेटमधून सोडवा. सायकलच्या छोट्या डिस्प्लेत मागं सेल असतात, बऱ्याचदा फुटून पांढरी पावडर आलेली असते, ती उघड्या हातानं काढू नका अन् ते सेल वेगळ्या डब्यात ठेवा. घडी होणाऱ्या ट्रेडमिलखाली पिचकारीसारखा एक दांडा असतो, त्यात दाब भरलेला असतो. मशीन आडवी असताना तो सोडवला तर झटक्यात उसळतो. म्हणून आधी मशीन उभी करून दोरीनं घट्ट बांधा, दुसरा माणूस धरायला घ्या, मगच बोल्ट काढा. अन् भंगारवाल्याला स्पष्ट सांगा की बाबा याला गॅस कटर लावायचा नाही, फुटतं.

खोक्यातला माल म्हणजे ई-कचरा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांच्या यादीत विजेवर चालणारी खेळाची अन् व्यायामाची उपकरणं पण आहेत, फक्त टीव्ही-फ्रिज नाही. तेव्हा आधी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करा अन् जुनं परत घेता का विचारा. नाहीतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वेबसाईटवर नोंदणी असलेल्या रिसायकलरची यादी असते, त्यातला आपल्याला जवळचा बघून फोन करा. तालुक्याच्या गावात असा कोणी दारावर येणार नाही हे मान्य, पण खोकं काय खायला मागत नाही. माळ्यावर राहू द्या, घरातले जुने चार्जर, बंद मोबाईल पण त्यातच टाकत चला अन् छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याला चक्कर झाली की घेऊन जा. घंटागाडीत मात्र टाकू नका.

उरलं ते लोखंड, ते खुशाल भंगारात द्या. आपल्याकडचं बरंच भंगार जालन्याच्या भट्ट्यांमध्ये वितळून सळई होतं, म्हणजे तुमची फ्रेम उद्या कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाईल. एक करा, काट्यावर घालायच्या आधी माल वेगळा लावा. सायकलचं जड चाक अन् साध्या काळ्या प्लेटा बऱ्याचदा बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या असतात, बिडाचा भाव वेगळा अन् पत्र्याचा वेगळा, सगळं एकत्र टाकलं की पत्र्याच्याच भावात जातं. प्लास्टिकच्या कवचातले जे स्वस्तातले डंबेल असतात त्यात आत सिमेंट-वाळू असते, ते भंगारवाला घेत नाही. त्याचं कवच फोडत बसू नका, आहे तसं दार अडवायला नाहीतर शेततळ्याच्या कागदाची कडा दाबायला वापरा.

ट्रेडमिलचा पट्टा लांबलचक अन् चिवट असतो, उन्हाळ्यात कूलरच्या स्टँडखाली अंथरा, स्टँड हलत नाही अन् फरशीवर गंजाचे डाग पडत नाहीत. पट्ट्याखालची फळी मात्र पाण्याच्या बंबात घालायचा मोह होतो, आमच्याकडं पण आजोबांनी आधी तेच सुचवलं. ती भुसा अन् रासायनिक गोंद दाबून केलेली असते, तिचा धूर चांगला नाही. चांगली असेल तर दुकानातल्या मांडणीला लावा, सुताराला दाखवा.

राहिला जिना. अख्खी ट्रेडमिल बऱ्याचदा ५०-६० किलो भरते, दुसऱ्या मजल्यावरून दोघांनी उतरवायला जाऊ नका, कंबर जाते. खोलीतच सुटी करा, पट्टा अन् रोलर आधी काढा, फ्रेम शेवटी, अन् छोटा हत्ती बोलावणार असाल तर सगळं खाली आणून झाल्यावरच बोलवा, नाहीतर तो घाई करतो अन् घाईत जिन्याच्या फरशा फुटतात.